मानेखालचा हात

डोकं धुवायची खुर्ची ताईने आपल्या पार्लरसाठी जुनीच घेतली, आणि त्यात तिला काही वावगं वाटलं नाही. गावाच्या दुसऱ्या टोकाचं एक पार्लर बंद पडलं होतं. चालवणारी बाई वारली. शेवटच्या दिवसापर्यंत गिऱ्हाइकांची डोकी धूत होती म्हणे. मागे सामान नेणारं कोणी नव्हतं. काळी खुर्ची, तिच्यामागे पांढरं बेसिन, आणि बेसिनच्या कडेला मान टेकवायला खोल खाच. खाचेला ओल्या टॉवेलचा जुना वास येत होता. ताईने ती घासून पुसली, नळ सोडून पाहिला. गरम येतंय, गार येतंय, आणखी काय हवं माणसाला?

पहिली कुरकुर शिवणाच्या बाईंनी केली. डोकं धुऊन झालं तरी त्या खुर्चीचा हात धरून तशाच बसून राहिल्या. डोळ्यांपुढे अंधारी आली होती, जीभ जड झाली होती. घोटभर पाणी प्यायल्यावर म्हणाल्या, "बरं झालं, तुम्ही मान धरली होतीत. नाहीतर मी घसरलेच असते."

ताईने मान धरली नव्हती. तिचे दोन्ही हात बाईंच्या कपाळावर, फेसात होते. पण गिऱ्हाईक बरं म्हणतंय तर आपण कशाला वाकड्यात शिरा, म्हणून ती नुसती हसली.

मग बँकेतली मुलगी तेच म्हणाली. मग समोरच्या औषध दुकानदाराची बायको. मान मागे टेकली की थोड्या वेळाने दिवे मिणमिणायला लागतात, डोकं हलकं होतं, आणि तेवढ्यात कोणीतरी खालून अलगद मान धरतं. पाण्यात फार वेळ राहिलेल्या, सुरकुतलेल्या बोटांनी. दुकानदाराची बायको जाता जाता दारातून म्हणाली, "हाताखाली कोणी ठेवलंय वाटतं. बोलत नाही ती फारशी."

ताई काही घाबरट नव्हती. बायकांच्या डोक्यात काय काय असतं ते तिच्याइतकं कोणी पाहिलं नव्हतं. पण त्या दिवसापासून बेसिनशी उभं राहिलं की तिला आपल्या डाव्या बाजूला जागा अपुरी वाटायची. कोणी शेजारी उभं असलं की आपण अंग चोरतो ना, तशी ती अंग चोरून उभी राहायची.

तिच्याकडे मेंदूच्या एक डॉक्टरीणबाई केस कापायला यायच्या. ताईने त्यांच्या कानावर घातलं. त्यांनी स्वतःच खुर्चीत बसून मान मागे टाकली, डोळे मिटले, आणि थोड्या वेळाने एकदम उठल्या.

"खाच फार खोल आहे," त्या म्हणाल्या. "मान इतकी मागे गेली की मेंदूकडे जाणारी शीर दाबली जाते. रक्त कमी पडतं, म्हणून अंधारी. फेकून दे ही खुर्ची."

"आणि तो हात?"

"रक्त कमी पडलं की मेंदूला काय वाट्टेल ते भासतं." एवढं बोलून त्यांनी आपली मान रुमालाने पुसली. आणि पुन्हा एकदा पुसली.

कारण सापडलं, ताईच्या जिवात जीव आला. खुर्ची त्याच दुपारी भंगारात गेली. ती हात झटकून मागे वळली आणि तिला एकदम आठवलं. आई. आई दर आठवड्याला त्याच खुर्चीत डोकं धुऊन घ्यायची. तिची ती जखडलेली म्हातारी मान! आणि आईवाचून ताईला या जगात दुसरं कोणी नव्हतं.

"आई, त्या खुर्चीत तुला कधी अंधारी यायची का गं?"

आई भाजी निवडत होती. "मला कशाला येईल? ती धरायची ना मान. तुझ्यापेक्षा हलका हात हो तिचा."

"खुर्ची टाकली मी आई. आता ते सगळं गेलं."

"खुर्ची गेली," आई म्हणाली आणि पुढची जुडी सोडायला घेतली.

त्याच आठवड्यात वरच्या फळीवरचा डबा काढायला आईने मान वर केली आणि ती कोसळली. ताई धावत आली. बघते तर आई भिंतीला टेकून बसलेली, कुठे खरचटलंसुद्धा नाही. कोणीतरी उचलून खाली ठेवल्यासारखी. मानेवरचे केस तेवढे ओले होते...

डॉक्टरीणबाईंनी कळताच हॉस्पिटलात बोलावून घेतलं. आईला एक्स-रेच्या मशीनखाली टेबलावर निजवलं, शिरेत औषध सोडलं. मान मागे जाताना आतलं रक्त कसं वाहतं ते पडद्यावर दिसणार होतं. मानेखाली उशी नाही, काही नाही. सगळे काचेच्या अलीकडे आले. ताईने आपले दोन्ही हात छातीशी घट्ट धरले होते.

"आजी, मान हळूहळू मागे न्या," डॉक्टरीणबाई माइकवर म्हणाल्या.

पडद्यावर मणके होते आणि त्यांच्या कडेने रक्ताची काळी रेघ. मान मागे गेली तशी रेघ बारीक झाली, दोऱ्याएवढी झाली. "आता बंद पडेल," त्या पुटपुटल्या. "इथेच आहे दुखणं..."

रेघ बंद पडली नाही. पुन्हा भरली. आणि मानेखालून काहीतरी करडं सरकत वर आलं. बारीक लांब हाडं. पेरं. एक, दोन... चार बोटं.

"आत कोण आहे?" मशीनवाला दबक्या आवाजात म्हणाला.

काचेपलीकडे आई एकटी होती. पडद्यावर आता अंगठाही दिसत होता. तो मानेखाली नव्हता. पलीकडून वळसा घेऊन पुढे, गळ्याशी आला होता.

डॉक्टरीणबाईंचा हात नकळत स्वतःच्या मानेवर गेला. "आजी," त्या माइकवर म्हणाल्या, "मान सरळ करा. आत्ताच्या आत्ता."

"करते हो," आई आतून म्हणाली. "हिने सोडली की लगेच."