भिंतीपलीकडची झोप

दिव्यानीच्या डोक्यात शाम्पूचा फेस होता, आणि शेजारच्या बेसिनपाशी एक माणूस अर्धी दाढी करून थांबला होता. चंद्रपूरच्या त्या दवाखान्यात दुसऱ्या मजल्यावर संध्याकाळचं पाणी बारीक धारेनं येतं, आणि एक नळ सोडला की दुसरा रुसतो. तिनं आपला सोडला, त्याचा बंद पडला.

"होऊ द्या तुमचं," तो म्हणाला. "मी थांबतो. अर्ध्या दाढीचा माणूस कुठी पळून जाते?"

तिला हसू आलं, पण फेस डोळ्यांत गेला आणि हसणं तिथंच राहिलं. "टाइम लागन मले," ती म्हणाली. "आत्यानं टोळीचं, मोहाच्या बियायचं तेल थापलं डोक्याले. एवढ्या लांब झोपाले जातेस, झोप चांगली लागली पायजे म्हणे. आन् इथी म्हणतात डोक्याले वायरा चिकटवाच्या हायेत, तेल चालत नाई."

"म्हंजे तुमीबी झोपाचेच पेशंट!" त्याला एवढा आनंद झाला की जणू गावचंच माणूस भेटलं. "मीबी. मले दाढी काढाले लावली, हनुवटीले काहीतरी चिकटवतात म्हणे. कॉलेजपासून ठेवली होती जी…"

दिव्यानीनं ओल्या केसांआडून त्याच्याकडे पाहिलं. काढलेल्या बाजूचा गाल कोवळा, गोरा दिसत होता. "या बाजूनं बरे दिसता," ती बोलून गेली, आणि आपणच बोललो का हे, असं वाटून तिनं डोकं पुन्हा नळाखाली घातलं.

त्याचं नाव प्रफुल. माजरीच्या कोळसा खाणीत डंपर दुरुस्त करणारा फिटर. नाकाचं हाड वाकडं, त्याचं ऑपरेशन व्हायचं होतं. एकदा डंपरखाली काम करताकरताच त्याला डुलकी लागली, तेव्हापासून त्याला यंत्रांना हात लावू देत नव्हते. ऑपरेशन होऊन बरा झाला की मगच परत. तोवर नुसतं सामान मोजत बसायचं. हातात पाना धरणाऱ्या माणसाला ही शिक्षाच होती, पण तो हे सारं हसतहसत सांगत होता.

दिव्यानीनं मात्र आपलं काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतंच. कुरखेड्याजवळचं तिचं गाव. आई लहानपणीच गेली, बुधरीआत्यानं वाढवलं. पित्ताशयात खडे झाले होते, रात्री-बेरात्री असं दुखायचं की ती उशी चावायची. डॉक्टरांनी सांगितलं, लवकर काढा, पुढचा झटका जिवावर बेतेल. पण भूल देणाऱ्या मॅडमनी विचारलं, "घोरता का?" दिव्यानी "नाही" म्हणाली. आत्या मागून म्हणाली, "घोरते न जी. आन् मंधातच श्वास थांबते तिचा."

मॅडमचा चेहरा बदलला. "भूल म्हणजे आम्ही दिलेली गाढ झोप," त्या म्हणाल्या. "साध्या झोपेत श्वास अडत असेल तर भुलीत जास्त अडणार. किती अडतो ते आम्हाला आधी कळलं पाहिजे. मग तशी तयारी ठेवता येते." म्हणून ही रात्र. दुपारनंतर चहा नाही, दिवसा डुलकी नाही, रात्री इथे येऊन झोपायचं.

झोपायचं! तेच तर तिला जमणार नव्हतं. आरमोरीचे पाहुणे तिला पाहायला आले होते, तेव्हा पावसानं नाला चढला आणि ते मुक्कामी राहिले. सगळ्यांना ती पसंत होती. सकाळी चहा पिऊन गेले, आणि निरोप आला, पोरगी रात्री गुदमरते, आम्हाला आजारी सून नको. त्यानंतर दिव्यानी परक्या छपराखाली कधी झोपली नाही. लग्नाघरी गेली तर रात्रभर दुसऱ्यांच्या हातांवर मेंदी काढत बसायची. लोक म्हणत, किती हौशी पोरगी आहे.

करिश्मा नावाची तरुण तंत्रज्ञ आली. हसरी, पण कामाला पक्की. तिनं दिव्यानीच्या डोक्यावर, डोळ्यांच्या कडांना, हनुवटीला, पायांना बारीक वायरी चिकटवल्या. छातीला एक पट्टा, पोटाला एक. नाकाशी नळी, बोटाला चिमटा. "सुई नाही, दुखणार नाही काही," ती म्हणाली. "कूस बदला खुशाल. उठायचं झालं तर नुसतं बोला, वर कॅमेरा आहे, मी शेजारच्या खोलीत पडद्यासमोर जागीच असते."

आत्या शेजारच्या बाकावर पडली. दार लोटताना दिव्यानीला लगतच्या खोलीच्या दारात प्रफुल दिसला, तोही तसाच डोक्यापासून पायापर्यंत वायरींनी बांधलेला. दोघं असे हसले की करिश्मा ओरडली, "हसू नका हो, चिकटवलेलं निघतं!"

दिवे मालवले. दिव्यानी अंग आखडून पडली. पण दिवसभराचा प्रवास, आणि आदल्या रात्रीचं दुखणं. डोळा लागलाच.

तिला जाग आली तेव्हा दिवा लागला होता, आणि करिश्मा तिच्या पायाशी उभी राहून काहीतरी उचलून पाहत होती. सुतळी होती. एक टोक दिव्यानीच्या अंगठ्याला, दुसरं आत्याच्या मनगटाला.

"हे काय आहे?" करिश्मानं विचारलं.

बुधरीआत्याला यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही. तिकडं धान भरायला लागलं की रानडुकरं येतात. मग शेतातल्या उंच माळ्यावर राखणीला बसतात, आणि माळ्यापासून बांधापर्यंत दोरी असते, दोरीला रिकामे डबे बांधलेले. खुट्ट झालं की ओढायची. आत्याचं सारं आयुष्य तशी दोरी ओढण्यात गेलं होतं. पोरीचा श्वास रात्री अडायला लागला, तेव्हा तिला दुसरं काय सुचणार? "थांबली का ओढतो," ती म्हणाली. "ओढली का घेते श्वास. किती वर्सं झाले."

करिश्मा तिच्याजवळ बाकावर बसली. आता तिच्या आवाजात दटावणी नव्हती. "आत्या, मी तिथं बसून म्हणत होते, हिचा श्वास अडतो न अडतो तोच ही कशी जागी होते. तुम्ही ओढत राहिलात तर हिला काहीच झालेलं नाही, असंच दिसेल आम्हाला. आणि ऑपरेशनच्या टेबलावर दोरी कोण ओढणार?"

आत्यानं दोन्ही गाठी सोडल्या आणि सुतळी गुंडाळून कनवटीला खोचली. दिव्यानीला ते बघवेना. ही म्हातारी इतकी वर्षं एक रात्र पुरी झोपली नाही, हे तिला आज पहिल्यांदा कळलं.

"मी भाइर बसतो," आत्या म्हणाली. "इथी बसली तं हात रायणार नाई माहा."

दिवा पुन्हा मालवला. आता झोप कसली! पाय मोकळा होता, आणि तो मोकळेपणाच भीती घालत होता. इथं झोप आली नाही तर तपासणी वाया, ऑपरेशन पुढे. आणि झोप आली… तर उठवणार कोण?

"जाग्याच हाये का?" पलीकडून प्रफुलचा हळू आवाज आला. मधली भिंत प्लायवूडची होती.

तिनं डोळे घट्ट मिटले. "तुमी ऐकलं सारं?"

"ऐकू आलं."

"मंग माह्यं घोरणंबी ऐकू येईन."

"येईन न."

"म्हणूनच झोपत नाई मी."

"मी क्वार्टरमधी एकटा रायतो," तो म्हणाला, आणि या वेळी आवाजात हसणं नव्हतं. "सोबती होता एक, माह्या आवाजानं पळून गेला. माही दोरी ओढाले कोणी नाई. मीबी अडकतो. छाती गच्च होते… मंग आपलं अंगच हलवून उठवते. रोज उठवते. तुमचं अंगबी उठवन. आत्यानं त्याले कधी मोकाच नाई देल्ला."

"आन् नाई उठवलं तं?"

"करिश्मा मॅडम हाये न पडद्यापाशी. आन् मी हावो इथी."

"तुमी तं झोपान."

"झोपतोच आता. माह्यं घोरणं सुरू झालं का तुमचं कोणाले ऐकू येणार नाई. पहाच तुमी."

आणि खरंच, जरा वेळानं पलीकडून असं घोरणं सुरू झालं की प्लायवूड हललं. दिव्यानी अंधारात हसली. इतक्या मोठ्या आवाजाआड आपला आवाज कुठल्या कुठे जाईल, असं वाटून तिचे आखडलेले खांदे सैल झाले. ती झोपली.

सकाळी केसांत चिकट लेप आणि डोळ्यांत उजेड. ती उठली होती. कुणी न ओढता. दाराशी आत्या उभी होती, तिनं दिव्यानीचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि सोडेचना. प्रफुल चप्पल घालत होता. डोळे लाल.

"झोपले चांगले?" तिनं विचारलं.

"मस्त," तो म्हणाला. "तुमचं ऑपरेशन चांगलं होईन, पाहा." मग काही बोलायचं असल्यासारखा थांबला… आत्याकडे पाहिलं, आणि बस गाठायला निघून गेला. दिव्यानी जिन्याकडे बघत राहिली. नंबर मागायला तोंड उघडलं नाही म्हणून तिनं स्वतःला दिवसभर दूषणं दिली.

श्वास पुष्कळ अडतो, असं निघालं. रात्री नाकावर लावायचं हवेचं यंत्र मिळालं, आठवडाभर ते लावून ती झोपली. मग ऑपरेशन. भूल देणाऱ्या मॅडमना सगळं माहीत होतं, भूल उतरेपर्यंत त्या जवळून हलल्या नाहीत. खडे निघाले. दिव्यानी जागी झाली.

टाके काढायला आली तेव्हा ती मास्क दाखवण्याचं निमित्त करून करिश्माकडे गेली. "ते… माजरीचे होते न," ती मास्कच्या पट्ट्याशी चाळा करत म्हणाली. "त्यायचं ऑपरेशन झालं?"

"कशाचं होतंय! त्यांची तपासणी फुकट गेली. रात्रभर डोळ्याला डोळा नाही."

"पण ते तं घोरत होते!"

"सोंग हो ते! इकडे घोरण्याचा आवाज आणि मेंदूच्या रेषा टक्क जाग्या. तुम्ही झोपलात तसं घोरणं बंद. पण तुमचा श्वास अडला की तिकडे यांचे ठोके वाढायचे. तुम्ही श्वास घेतला की खाली यायचे. दोघांच्या रेषा माझ्यासमोर शेजारीशेजारी. मी सकाळी विचारलं, तर म्हणे नवी जागा होती."

दिव्यानी खुर्चीत बसली. डोळे भरून आले, आणि ते तिनं पुसलेही नाहीत. ज्या आवाजाला भिऊन पाहुणे पळाले, तो आवाज ऐकत एक माणूस रात्रभर जागला होता. आपलं काम, आपला पाना, सगळं पुढे ढकलून.

"आता कधी बोलावलं त्यायले?"

"शनिवारी," करिश्मा म्हणाली, आणि तिच्याकडे पाहून गालात हसली.

शनिवारी प्रफुल खोलीत आला तेव्हा ती बाकावर बसलेली होती. तो दारातच थबकला.

"तुमी? ऑपरेशन…"

"झालं. चांगलं झालं." बोलायचं ठरवून ठेवलेलं सगळं ती विसरली. "तुमी खोटं बोलले माह्याशी. मस्त झोपलो म्हणाले."

त्यानं मान खाली घातली. "आत्या भाइर गेली होती," तो म्हणाला. "कोणीतरी जागं रायलं पायजे होतं न."

"मॅडम होती."

"हो… पण मले झोपच नाई आली. तुमी थांबल्या का मीबी थांबत होतो."

करिश्मा वायरी घेऊन आत आली. "रात्री पेशंटसोबत घरचंच माणूस पाहिजे, असा नियम आहे," ती उगाच गंभीर होऊन म्हणाली. "तुम्ही यांच्या कोण लागता?"

दिव्यानीचे कान तापले. पण ती उठली नाही.

"आज कोणी नाई लागत," ती म्हणाली. "पण यायचा श्वास अडला तं माहा जीव खालवर होईन, हे पक्कं हाये. घरचं माणूस व्हाले आणखी काय लागते?" मग प्रफुलकडे न बघता, "तुमाले चालत असन तं."

"चालते," तो म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक झाला की त्याला पुन्हा म्हणावं लागलं. "चालते जी."

करिश्मानं एकेक वायर चिकटवली. दिव्यानीनं बाक खाटेजवळ ओढला आणि बोटाला चिमटा नसलेला त्याचा हात आपल्या हातात घेतला. तो काहीतरी बोलायला लागला होता, माजरीबद्दल, क्वार्टरबद्दल, तिथं खिडकी पूर्वेला आहे म्हणून. मधेच त्याचे शब्द रेंगाळले. करिश्मा दिवा मालवायला आली, तेव्हा तो झोपून गेला होता.