उन्हाची वाटणी

गाडी पाहाले दोघं भाऊ सोबतच गेलते, पुसदहून नांदेडले. श्रावण मोठा, कपिल लहाना. श्रावणची जीप उमरखेडच्या रस्त्यानं सवारी मारे, म्हणून गाडीतलं त्यालेच कळते असं घरात सगळे धरून चालत. कपिल शाळेत मास्तर. त्यानं फक्त विचारलं, घरी चार्जिंग होईन ना. बाकी शोरूमच्या पोराले घाम फोडला तो श्रावणनं. बॅटरी खालून बसवली, मंग नाल्याचं पाणी लागलं तं काय? आमच्याकडे उन्हाळ्यात डांबर पातळ होते, तवा ही टिकन का? जुनी झाल्यावर कोण घेईन? पोरगं बिचारं सांगत राह्यलं, अन् शेवटी चावी श्रावणच्याच हातात देल्ली.

सारी जिंदगी त्याच्या कानात डिझेलची खडखड. इथं पाय ठेवला अन् गाडी निघाली, जशी कोणी मागून हलकेच लोटली. पांढरी गाडी. उतरल्यावर त्यानं दार लगेच लावलं नाही. हात तसाच ठेवला दारावर. ही आपल्या दारात पाह्यजे, हे त्याच्या मनात तिथंच बसलं.

घेतली कपिलनं. तीच. पांढरीच.

बापानं जाण्याआधी घर मधातून वाटून देल्लतं. पूर्वेकडचं कपिलले, पश्चिमेकडचं श्रावणले. विहीर दोघांची, लिंबाचं झाड श्रावणचं, गच्चीवर मधात कमरेएवढी भिंत. कपिलनं आपल्या गच्चीवर सोलरच्या काळ्या पाट्या बसवल्या, जिन्याखाली बॅटरीचा डबा. लाईनचं नवं मीटर अजून यायचं होतं, तोवर जी वीज बनन ती वरच्या पाट्यांवरच, गाडीही तिच्यावरच भरे. गल्लीतले लोक वायर पाहाले येत. कपिल हसून सांगे, उन्हावर चालते. एवढंच सांगे, पण श्रावणले ते भिंतीपलीकडून रोज ऐकू ये.

पूजेच्या दिवशी गाडीले ओवाळलं ते श्रावणच्या पोरीनं, खुशीनं. पहिल्या चकरेले पुढच्या सीटवर तीच. परत आली तं गाल लाल झालते तिचे.

"बाबा, जीपमधी मले मळमळते," ती म्हणे. "काकाच्या गाडीत पुस्तक वाचता येते."

पोरगी साधं बोलली होती. श्रावण त्या रात्री जेवला नाही.

उन्हाळा लागला. कपिलची सकाळची शाळा, दुपारी येऊन तो गाडी वायरले लावे. दुपारचं ऊन पश्चिमेकडून येते, म्हणजे श्रावणच्या गच्चीवरून. हे श्रावणनं पाहून ठेवलं. एक दिवस त्यानं मधल्या भिंतीवर लोखंडी अँगल रोवले अन् उंच टीन ठोकले. वानरं येतात, कुरड्या नेतात, असं त्यानं सांगितलं. वानरं येतच होते, खोटं नव्हतं ते. पण वानर टिनाच्या वरून बी येते, हे गल्लीतल्या बारक्या पोरालेही माहीत होतं.

दुपार कलली की टिनाची सावली पलीकडे पसरे अन् पाट्या झाकून टाके. श्रावण खाली खाटेवर पडून वाट पाहे, कपिल कधी भांडाले येते. भांडला असता तं बरं झालं असतं. कपिल आला, वर पाहलं, अन् म्हणे, राहू दे दादा, भागते तेवढ्यात.

खरंच भागत होतं. गाडी रोज भरे. पहिलेपेक्षा लवकर भरे.

कांताबाईनं, म्हणजे श्रावणच्या बायकोनं, गव्हाचा चीक शिजवून कुरड्या टाकल्या. गच्चीभर धोतर अंथरून, पांढऱ्याफेक. संध्याकाळी उचलाले गेली तं ओल्याच. तिले वाटलं चीक पातळ झाला असन. दुसऱ्या दिवशी बी ओल्या. तिसऱ्या दिवशी आंबूस वास सुटला. भिंतीपलीकडे, टिनाच्या सावलीत, जावेच्या कुरड्या वाळून कडक झालत्या. हात लावला की खडखड वाजत.

"तुम्ही वरती जाऊन पाहा बरं एकदा," कांताबाई म्हणे. "मले कसंसंच वाटते तिथं."

श्रावण भर दुपारी वर गेला. चप्पल खालीच राह्यली, हे त्याले गच्चीच्या मधात गेल्यावर ध्यानात आलं. वैशाखात त्या स्लॅबवर पाय टेकत नाही, पोरं उड्या मारत जातात. तो उभा होता. ऊन होतं, डोळे दिपत होते, दूर माळ थरथरत होता. पायाखाली गार होतं. दिवाळीतल्या पहाटे असते तेवढं.

तो खाली आला अन् बायकोले म्हणे, चीकच बिघडला तुह्या.

घरही गार पडलं. येणारी-जाणारी माणसं पाय पसरून बसत, विचारत, कोणता कूलर घेतला भाऊ? श्रावणले पहिले पहिले बरं वाटलं. कोणीतरी त्याच्या घराचं नाव काढत होतं. मंग खुशी अंगावर चादर घेऊन अभ्यासाले बसाले लागली.

तिचा नीटचा पेपर होता, यवतमाळले. दोन वर्षं पोरीनं मान वर केली नव्हती. कोणाच्या गाडीत जाईन हे कोणी विचारलंही नाही, कपिलच्या गाडीत हे ठरलेलंच होतं. श्रावणनं एकदा म्हणून पाहलं, मी नेतो. खुशीनं पुस्तकाचं पान उलटलं. तेच त्याले लागलं. बाप हाये अन् गाडी हाये, अन् पोरगी पेपरले जाईन ती दुसऱ्याच्या गाडीत.

पेपरच्या आदल्या दिवशी कपिल बायकोले घेऊन मोटरसायकलनं सासुरवाडीले गेला. गाडीची बॅटरी पार उतरली होती, गाडी त्यानं वायरले लावून ठेवली, म्हणे संध्याकाळपर्यंत भरते. मोटरसायकल वळणावर गेली अन् श्रावण गच्चीवर चढला. कापूस झाकायची जाड काळी ताडपत्री त्यानं खांद्यावर घेतलती. टिनाच्या कडेनं भिंत ओलांडली, एकूणएक पाटी झाकली, कोपऱ्यावर दगड ठेवले. एक बोटभर जागा सोडली नाही.

मंग खाली येऊन त्यानं जीप धुतली. आतून बी. सीटवर नवा टॉवेल अंथरला, डिझेलचा वास जावा म्हणून कापूर ठेवला. सकाळी कपिलची गाडी उठणार नाही अन् आपण चावी हलवत पुढे होऊ, हे त्यानं मनातल्या मनात लय वेळा पाहून घेतलं.

खुशी जिना उतरून आली. अंगावर गोधडी.

"बाबा, पंखा बंद करा ना."

पंखा बंदच होता. लाईट सकाळपासून गेलती.

श्रावण म्हणे, पेपरची भीती हाये, होते असं.

दिवस मावळताना कपिल आला. सरळ श्रावणच्या अंगणात आला अन् मोबाईल पुढे धरला. पडद्यावर दिवसभरात बनलेल्या विजेची हिरवी कमान होती, सकाळी उठलेली, दुपारी वरच्या काठाले टेकलेली.

"पाह्य दादा. लावल्यापासून एवढी कधी बनली नाही."

त्याच्या डोक्यावरून श्रावणले कपिलची गच्ची दिसत होती. ताडपत्रीचा कोपरा वाऱ्यानं हलत होता, दगड जागच्या जागी. एक शब्द बोलाचा होता. तो म्हणे, चांगलं झालं.

सकाळी कांताबाईनं पोरीच्या हातावर दही-साखर ठेवली. खुशी बापाच्या पाया पडली. तिचे गार बोटं त्याच्या पायाले लागले अन् श्रावणनं पाय मागे घेतला. आपोआप घेतला. पोरीनं वर पाहलं अन् जाऊन पांढऱ्या गाडीत बसली. गाडी आवाज न करता दारव्ह्याच्या रस्त्याले लागली.

धुतलेली जीप तशीच उभी.

श्रावण वर गेला. ताडपत्री ओढाले हात घातला अन् हिसडून मागे घेतला. तळव्याले फोड आला. खालून ताडपत्री पाटीले चिकटून वितळलती. दिवस आत्ताच वर आलता.

त्यानं फाडून फाडून काढली. मंग टीन काढले. अँगल काढले. हातातून रक्त आलं तरी थांबला नाही.

पाट्यांवर ऊन पडलं, जसं पडाले पाह्यजे तसं.

आपल्या गच्चीवर येऊन त्यानं स्लॅबवर हात टेकला. गार. कांताबाईच्या कुरड्याच्या धोतराच्या घडीवर दव होतं.

संध्याकाळी कपिलचा फोन आला. पेपर चांगला गेला. पोरगी थकली, मागच्या सीटवर झोपली. एसी नाही लावला दादा, ती म्हणे गार लागते, काचा बंद करून आणून राह्यलो.

रात्री ती आली अन् न जेवता निजली.

दुसऱ्या दिवशी कांताबाईनं तिले अंगणात बसवलं, कोवळ्या नाही, चांगल्या चटक्याच्या उन्हात. श्रावण ओट्यावर होता. तो नुसता पाहत होता.

खुशी हसली. म्हणे, नंबर लागन बाबा माह्या.

त्याले वाटलं, झालं. परत आलं सगळं.

कांताबाईनं खोबऱ्याच्या तेलाची वाटी घेतली. वैशाखातलं तेल, पाण्यासारखं पातळ. पोरीचे केस मोकळे केले, भांग पाडला अन् वाटी हळूच कलती केली.

तेल भांगात पडलं अन् थांबलं.

ते खाली उतरलं नाही. कांताबाईचा हात हवेत राह्यला. तिनं श्रावणकडे पाहलं.

"घाल ना आई तेल," खुशी म्हणे.

तिच्या भांगात तेलाची रेघ पांढरी होऊन गोठलती, अन् वरून ऊन पडत होतं.