रिकामी पायरी

“श्रीरंग, मागे वळून बघू नकोस. अहल्यामावशी पुन्हा आलीये!” सुखदा ओठ न हलवता पुटपुटली.

तिच्या धाकट्या भावाने, श्रीरंगने, अर्थातच लगेच मागे वळून पाहिलं! नुसतं पाहिलं नाही, तर “कुठेय? कुठेय?” असं विचारलंही. सुखदाने कपाळावर हात मारला.

अहल्यामावशी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हात पिठाचे होते आणि नजर सुखदाच्या आईवर होती. आई बिचारी काही विशेष करत नव्हती. दिवाणखान्यात इकडच्या रीतीप्रमाणे दसऱ्याच्या बाहुल्या मांडल्या होत्या, नऊ पायऱ्यांवर. दुकान थाटून बसलेलं शेट्टी-शेट्टम्मा हे वाणी जोडपं होतं, लग्नाची वरात होती, झालंच तर मातीची अख्खी क्रिकेट टीम होती. त्यातला एक कलंडलेला गोलंदाज आई सरळ करायला गेली, एवढंच.

“राहू दे रंजिता, मी करते,” मावशी घाईघाईने पुढे आली.

“अगं, तुझे हात पिठाचे आहेत.”

“असू देत!”

सकाळपासून ही तिसरी वेळ. बारा वर्षांच्या सुखदाच्या नजरेतून ते सुटणं शक्यच नव्हतं.

खरं तर या सहलीचं केवढं कौतुक झालं होतं! सुखदा दोन वर्षांची असेपर्यंत ते सगळे इथेच, बंगळुरूला जयनगरमध्ये राहायचे, मावशीच्या शेजारच्याच घरात. आई आणि अहल्यामावशी म्हणजे जिवाभावाच्या मैत्रिणी. मग बाबांची पुण्याला बदली झाली आणि दहा वर्षं येणं-जाणं झालंच नाही. यंदा अचानक मावशीचा फोन आला, “दसऱ्याला या.” आई त्या रात्री झोपली नाही. पण काल स्टेशनवर दोघींनी मिठी मारली आणि चटका बसावा तशी लगेच सोडली. तेव्हाच सुखदाच्या मनात पाल चुकचुकली होती.

आणि बाबा? ते आणि मावशीचे यजमान श्रीवत्सकाका गच्चीवर कुजबुजत होते. सुखदा कपडे वाळत घालायच्या निमित्ताने दाराआड उभी राहिली.

“त्या दोघींसमोर विषय काढू नकोस हं, रविकिरण,” काका म्हणाले.

“मी? वेड लागलंय का मला! दहा वर्षं गप्प बसलोय,” बाबा म्हणाले.

चक्क बाबासुद्धा यात होते!

ती धावत खाली आली ती थेट निवेदिताच्या खोलीत. निवेदिता ही मावशीची मुलगी, वय तेरा. तिचा भाऊ गुंडो अकरा वर्षांचा. पणजोबांचं नाव मिळालेला हा गुंडो त्या नावावरून कोणी हसलं की आधी स्वतःच हसून घ्यायचा. श्रीरंगची आणि त्याची एका रात्रीत गट्टी जमली होती.

“निवेदिता, खरं सांग. तुझी आई माझ्या आईवर पाळत का ठेवते?”

निवेदिताने गुंडोकडे पाहिलं. गुंडोने छताकडे पाहिलं.

“सांग की, अक्का,” शेवटी तोच म्हणाला. “आज ना उद्या कळणारच.”

“सगळ्यात वरची पायरी बघितलीस? तिथं नुसता कलश आहे,” निवेदिता हळूच म्हणाली. “तिथं राजा-राणी असायला पाहिजेत. पट्टद गोंबे म्हणतात त्यांना. रक्तचंदनाचे. मुलीच्या लग्नात तिची आई देते. अम्माला तिच्या आईनं दिले होते, आणि आता ती आजी पण नाही.”

“मग ते गेले कुठे?”

“तुम्ही पुण्याला गेलात ना, त्या वर्षी आमचे अण्णा, म्हणजे आजोबा, नवरात्रातच वारले. पाचव्या दिवशी. घरात सुतक, म्हणजे बाहुल्यांना आमच्यापैकी कोणी हात लावायचा नाही. रंजितामावशीनं बाकीच्या बाहुल्या पेटीत भरल्या आणि राजा-राणींची पूजा मोडू नये म्हणून ते दोघे तुमच्या घरी नेले. पुढचं वर्षभर आम्ही सण पाळले नाहीत, पेटी उघडलीच नाही. त्याच्या पुढच्या वर्षी उघडली तर...”

“तर?”

“राजा-राणी नव्हते.”

“म्हणजे माझी आई चोर?” सुखदा इतक्या जोरात ओरडली, की श्रीरंगच्या हातातली चकली पडली.

“स्वल्प हळू! मी कुठं म्हटलं तसं?”

“तुझ्या आईला वाटतं ना पण!”

निवेदिता खाली पडलेली चकली उचलायला वाकली. त्यातच सगळं आलं.

सुखदाला रडू फुटणार होतं. तेवढ्यात भिंतीपलीकडून आईचा दबलेला आवाज आला. “उद्याची तिकिटं मिळतात का बघा हो. आता गेले की पुन्हा नाही यायची मी इथे.”

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. गुंडोचं तोंड एवढंसं झालं.

“उद्या!” सुखदाने डोळे पुसले. “म्हणजे आपल्याकडे आजचाच दिवस आहे. आपण शोधायचे राजा-राणी.”

“दहा वर्षांनी?” निवेदिता म्हणाली.

“मोठ्यांनी शोधलेत कुठे? नुसते रुसून बसलेत! पोलीस काय करतात माहितीये? दोन संशयितांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवतात. बाबा माझ्याकडे आणि श्रीरंगकडे. काका तुमच्याकडे!”

बाबा व्हरांड्यात पेपर वाचत होते. सुखदाने पेपरच ओढून घेतला.

“बाबा, मावशीचे राजा-राणी तुम्ही काय केलेत?”

बाबा दचकले. इकडे बघ, तिकडे बघ, चष्मा पूस! सुखदाला ते अगदी चोरासारखे दिसायला लागले.

“तुला कोणी सांगितलं? हे बघ, मी परत आणून दिले होते. स्वतः. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. दारात आपला ट्रक उभा होता सामानाचा, सगळी घाई. श्रीवत्सने सांगितलं, जिन्याखालच्या ट्रंकेत ठेव. ठेवले. वरच्या कापडाच्या घडीत. पण आता इतकी वर्षं ऐकतोय ‘ट्रंकेत नाहीत, ट्रंकेत नाहीत’. कधी कधी मलाच वाटतं, आपण खरंच ठेवले का रे? की ट्रकमध्येच गेले?”

“ट्रंक कसली होती?” श्रीरंगने विचारलं.

“कसली म्हणजे? ट्रंकेसारखी! हिरवी, पत्र्याची.”

पाच मिनिटांनी चौघे जिन्याखाली जमले.

“आमच्या अप्पांनी, म्हणजे बाबांनी, काय सांगितलं ऐका,” निवेदिता म्हणाली. “रविकिरणकाका राजा-राणी घेऊन आले हे नक्की. पण अप्पांनी ते हातात घेतलेच नाहीत. सुतक! ते तिकडे पायरीवर बसले होते, तिथूनच हात केला, जिन्याखाली ट्रंक आहे, ठेव. उठलेसुद्धा नाहीत, म्हणून अम्माला ते खरं वाटत नाही.”

“बघितलंही नाही?”

“नाही! नंतर उघडून पाहायचं तर सुतक संपेपर्यंत शिवायचं नाही, मग वर्षभर सण नाही.”

“आणि ट्रंक हिरवी होती,” सुखदा म्हणाली.

“छे!” गुंडो जवळजवळ किंचाळला. “बाहुल्यांची ट्रंक काळी आहे. ही काय, मी रोज हिच्यावर बसून अभ्यास करतो.”

“अभ्यास?” निवेदिताने भुवया उंचावल्या.

“बरं, कॉमिक्स वाचतो! पण काळीच आहे.”

मग हिरवी ट्रंक कोणाची? निवेदिता पळत जाऊन काकांना विचारून आली. परतली ती धापा टाकत.

“अण्णांची! ते वकील होते ना, त्यांची कायद्याची पुस्तकं होती तिच्यात. चौदाव्या दिवशी अप्पांनी ती रघुपती वकिलांच्या ऑफिसात पाठवून दिली. अण्णांचीच तशी इच्छा होती. इथंच, दोन रस्ते सोडून!”

“मोठ्यांना सांगायचं?” श्रीरंगने विचारलं.

सुखदाने क्षणभर विचार केला. “नको. तिथेही नसले तर आईला दुप्पट लागेल. आधी बघू. पळा!”

वकिलांच्या ऑफिसात सगळीकडे धूळ उडत होती. दुसऱ्या दिवशी आयुधपूजा, म्हणजे आपली खंडेनवमी, त्यामुळे साफसफाई जोरात चालली होती. शिवलीला नावाच्या कारकूनबाई तोंडाला रुमाल बांधून कपाटं पुसत होत्या. निवेदिता त्यांच्याशी भराभरा कन्नडात बोलायला लागली. सुखदाला त्यातलं ‘ट्रंक’ कळलं, ‘टेम्पो’ कळलं आणि ‘होसकोटे’ कळलं. निवेदिताचा चेहरा पडलेला तर भाषेशिवायच कळला.

“ट्रंक गेली! ती पुस्तकं यांच्याकडे आधीपासूनच होती, म्हणून दहा वर्षांत एकदाही उघडली नाही. आज सगळी रद्दी होसकोट्याच्या कारखान्याला धाडली. तिथं लगदा करतात. दहाच मिनिटं झाली. पिवळा टेम्पो, मागे घोड्याचं चित्र!”

“दहा मिनिटं?” गुंडोने बाहेर पाहिलं आणि त्याचे डोळे चमकले. “अक्का, आज बाजाराचा दिवस! दहा मिनिटांत टेम्पो चौकसुद्धा गाठणार नाही. बंगळुरूच्या ट्रॅफिकपेक्षा आपले पाय जोरात!”

आणि गुंडोचं अगदी बरोबर होतं! बाजाराच्या रस्त्यावर केळीचे खुंट, झेंडूचे ढीग आणि मोठमोठे कोहळे यांनी अर्धा रस्ता व्यापला होता. उरलेल्या अर्ध्यात गाड्या नुसत्या भोंगे वाजवत उभ्या होत्या. चौघे फुटपाथवरून सुटले. श्रीरंग एका कोहळ्याला अडखळला, कोहळेवाल्याने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, तो कन्नडात असल्याने श्रीरंगने “थँक्यू!” म्हटलं आणि तो पुढे पळाला.

“घोडा!” सुखदा ओरडली. “तो बघा घोडा!”

टेम्पोचा ड्रायव्हर खाली उतरून पूजेत गाडीपुढे फोडायला कोहळा निवडत होता. चार घामाघूम पोरं आपल्या टेम्पोवर चढायला बघताहेत म्हटल्यावर तो धावतच आला.

“ए! खाली उतरा! काय चोरायला लागलाय?”

“अय्या, मराठी!” सुखदा म्हणाली.

“मग? निपाणीचा हाय मी. ज्योतिबा नाव माझं. मराठीत चोरी केली तर चालती व्हय?”

“काका, त्या हिरव्या ट्रंकेत आमच्या मावशीचे राजा-राणी आहेत!”

ज्योतिबाने चौघांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “कारखान्यात वजन करून द्यायचा माल हाय हा. वकीलसाहेबांचा. त्यात राजा आन् राणी? मला काय खुळा समजता?”

सुखदाने दीर्घ श्वास घेतला. विनवण्या करून हा माणूस बधणार नव्हता. “बरं. आम्ही हातच लावत नाही. तुम्हीच उघडा. आत नुसती पुस्तकं निघाली, तर उद्याच्या पूजेसाठी तुमचा टेम्पो आम्ही धुऊन देऊ. आतून, बाहेरून, चाकांसकट!”

ज्योतिबाने चिखलाने माखलेल्या चाकांकडे पाहिलं. सौदा वाईट नव्हता. त्याने पान्याने गंजलेली कडी उचकटली.

वर वकिलांचा काळा कोट होता. तो नुसता बाजूला सारला, तर खाली जाडजूड पुस्तकं.

“बादली आणा,” ज्योतिबा म्हणाला.

“खाली बघा ना!”

त्याने एक थर काढला. पुस्तकंच. दुसरा काढला. पुस्तकं! आता घरी जाऊन आईला काय सांगायचं? मग ज्योतिबाने कोट झटकायला उचलला, आणि तो त्याला फारच जड लागला. कोटाच्या घडीत कापडाचं एक गाठोडं अडकलं होतं. त्याने गाठ सैल केली. आतून दोन लालसर, शांत चेहरे बाहेर डोकावले, कपाळावर कुंकवासकट!

ज्योतिबाने तिथल्या तिथे चपला काढल्या.

“आरं देवा! दसऱ्याच्या तोंडावर मी ह्यांचा लगदा करायला निघालो हुतो! बसा गाडीत, पोरांनू. आधी घर, मग होसकोटे!”

टेम्पो दारात थांबला तेव्हा चारी मोठी माणसं पोरांना शोधत रस्त्यावरच उभी होती. ओरडा बसणार होता, पण सुखदाने गाठोडं पुढे केलं आणि सगळ्यांचे आवाज बंद झाले. निवेदिताने एका दमात सगळं सांगितलं. सुतक, हिरवी ट्रंक, काळी ट्रंक, सगळं.

“म्हणजे तू बघितलंसुद्धा नाहीस?” बाबा काकांवर उखडले.

“आणि तू विचारलं नाहीस, दोन ट्रंका आहेत, कोणती म्हणून?” काका बाबांवर उखडले.

मग दोघेही खजील झाले. शेवटी काकांनीच चौघांच्या पाठी थोपटल्या. “आम्ही दोघं दहा वर्षं डोक्याला हात लावून बसलो, तुम्ही एका दुपारीत छडा लावलात! अण्णा असते तर चौघांनाही ज्युनिअर म्हणून ठेवून घेतलं असतं!”

अहल्यामावशी मात्र राजा-राणींकडे बघतच नव्हती. ती गाठोड्याचं कापड चाचपत होती. पिवळं, मऊ, कडेला लाल टाके घातलेलं.

“हे दुपटं,” ती म्हणाली, “सुखदाच्या बारशाला मी शिवलं होतं.”

“घरात तेवढंच मऊ होतं,” आई म्हणाली. “राजा-राणींना ओरखडा उठू नये म्हणून त्यात बांधले.”

“तू माझ्या आईचे गोंबे लेकीच्या दुपट्यात गुंडाळलेस! आणि मी तुला दहा वर्षं...” मावशीने राजा-राणी निवेदिताच्या हातात दिले आणि दुपटं छातीशी धरलं.

“मला माहीत होतं, अहल्या.”

“माहीत होतं? मग आलीस कशी?”

“तू बोलावलंस म्हणून. पण तू तरी कशी बोलावलंस गं, माझ्यावर संशय असताना?”

मावशीने पदराने नाक पुसलं. “तुझ्यावाचून करमेना. म्हटलं, चोर तर चोर, पण ये बाई!”

आई आधी हसली आणि मग रडली. मावशीचं उलटं झालं. दोघींनी एकमेकींना अशी मिठी मारली की मधलं दुपटं चुरगळून गेलं, आणि या वेळी ती कोणीच लवकर सोडली नाही.