बहुधा मास्तर आणि वसुबारसेची शिवराई

आमोद, तो मोबाइल पालथा ठेव. अवनी, तू इकडे भिंतीशी बस. गोष्ट आपल्या दिगंबररावांची. सदाशिव पेठेत, तिसऱ्या मजल्यावर राहतात ते. तुम्ही पाहिलंय त्यांना.

जुनी नाणी त्यांच्याइतकी कळणारा माणूस विरळा. पण खोड एकच. दाखला लिहून देताना आधी 'बहुधा' लिहायचे. 'बहुधा अस्सल.' चाळीस वर्षं हेच. पाठीमागे लोक त्यांना 'बहुधा मास्तर' म्हणायचे, आणि त्यांना ते ठाऊक होतं.

गेल्या वर्षी वसुबारसेच्या संध्याकाळी धायरीचा महिपती आला. रुमालात तांब्याची एक शिवराई.

"देव्हाऱ्यातली हाय, सर. आई दर वसुबारसेला चिंच लावून घासायची. ती जाऊन तीन वर्सं झाली, तवापासनं कुनी हात लावला नाय. एक व्यापारी खोटी म्हनला. तुमी खरं काय ते लिहून द्या."

पुढची बाजू झिजून सपाट झालेली. मागची, देव्हाऱ्यात टेकलेली बाजू मात्र घासण्यातून वाचलेली; तिथे काळ्या थरात 'छत्रपति' शाबूत होतं, आणि त्याखाली वेलीसारखं बारीक चिन्ह. असं चिन्ह दिगंबररावांनी कधीच पाहिलं नव्हतं. भिंग आणखी जवळ नेलं. आणि नको ते बोलून गेले.

"अहो, हा काळा थर म्हणजे नाण्याचं वय! तुमच्या मातोश्रींना भांडं आणि नाणं यांत काही फरक वाटत होता की नाही? आणखी थोडं जगत्या तर हे बटण झालं असतं."

महिपती रुमालाची घडी घालत राहिला.

"तिला तेवढंच ठावं हुतं," म्हणाला. "ठिवा रातीला. सकाळी येतो."

काय म्हणालास, आमोद? फोटो? दिव्याखाली काळ्या थरातली अक्षरं फोटोत उठत नाहीत. सकाळच्या उन्हात काढू म्हणाले.

मंदाकिनीवहिनी लेकीकडे कर्वेनगरला गेलेल्या. घरात हे एकटे. बाराच्या सुमारास त्यांनी दाखला लिहिला. 'अस्सल. असं दुसरं माझ्या पाहण्यात नाही. याचं मोल बाजारभावाने ठरू नये.' पुन्हा वाचला. बहुधा कुठेच नव्हतं! आयुष्यात पहिल्यांदा. नाणं कापसात गुंडाळून खणात ठेवलं आणि दिवा मालवला.

मग वास आला. चिंचेचा.

स्वयंपाकघरात जाऊन आले. ओटा कोरडा. परत खोलीत आले, तर आवाज.

खस्... खस्... खस्...

खणातून.

खण उघडला. कापूस ओला. नाणं लालभडक, चकचकीत. काळा थर गेलेला. 'छत्रपति' अजून होतं. चिन्हही होतं, पण पुसट.

त्यांनी नाणं उचललं आणि उजव्या मुठीत घट्ट धरलं. वरून अंगठा दाबला. आता कोण घासतं बघू.

खस्...

मुठीतून.

मूठ उघडेना. बोटं त्यांची, पण ऐकेनात. डाव्या हाताने ओढून पाहिली. शेजाऱ्यांना हाक मारावी म्हटलं. पण म्हणणार तरी काय...

"चुकलो," म्हणाले. "बाई, मी चुकलो. एवढं चिन्ह तरी राहू द्या..."

आवाज थांबला नाही. घाईही नव्हती त्याला. कामाच्या बाईच्या हातासारखा. सावकाश. रोजचा.

खस्... खस्...

ते पलंगाच्या कडेला बसून राहिले. मूठ मांडीवर. ऐकत.

उजाडताना मूठ आपोआप सुटली. तळहातावर तांब्याची गुळगुळीत चकती. दोन्हीकडून कोरी.

महिपती आला. चकती उलटसुलट केली. नाकाशी नेली.

"सर... तुमी घासली?"

"नाही हो. मी नाही," दिगंबरराव म्हणाले. मग आपल्या हाताकडे बघून हळूच, "बहुधा."

महिपतीने चकती कपाळाला लावली, रुमालात बांधली आणि गेला. दाखला टेबलावरच राहिला.

पुढे नोव्हेंबरात दिगंबरराव पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला गेले. तिथे अंगठा लावायचं यंत्र असतं. एकदा लावला, दोनदा लावला, पुसून लावला. यंत्र घेईना.

"आजोबा, घरी भांडी तुम्हीच घासता वाटतं?" खिडकीतली मुलगी म्हणाली. "दुसरं बोट द्या."

दुसरं बोट लगेच लागलं.

दिगंबररावांनी अंगठा चष्म्याजवळ नेला. मग खिशातून भिंग काढलं. सगळ्या बोटांवर रेषा जागच्या जागी होत्या. उजव्या अंगठ्यावर मात्र एकही नव्हती.