वरचे अडुसष्ट

शुल्क

टॅक्सीवाला जिन्यापर्यंत मागे आला होता.

"एकशे त्र्याऐंशी झालेत, बाई."

"एकशे ऐंशी घे. वरच्या तिनात तुझा बंगला होणार नाहीये."

टॅक्सीवाल्याने वाद घातला नाही. बाई आत आल्या आणि कुणी म्हणायच्या आधीच खुर्चीत बसल्या. नाना कोमट पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसले होते. त्यांनी पाय बाहेर काढले नाहीत. या वयात खासगी तपासाचं काम म्हणजे मुख्यतः जिने.

"माझं पडद्यांचं दुकान आहे," बाई म्हणाल्या. "मी थोरली. धाकटी म्हणजे माझी जाऊ. दोघींचे नवरे बाहेरगावी नोकरीला, दुकान आम्ही दोघी चालवतो. ती चोर आहे. आज सहा वाजता वकील येतोय, दुकानातून तिचं नाव काढायला. त्याच्या आत मला पुरावा हवाय."

"किती वाजले?" नानांनी विचारलं.

"तीन," हवालदार म्हणाले. हवालदारांना निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. आता ते नानांच्या सोबत फिरत आणि वह्या सांभाळत. "उचलू का धाकटीला?"

"कशाने उचलणार? तुमची कंबर धरलीय. बोला बाई."

बाई बोलल्या. कापड क्रेडिट कार्डावर येतं. कार्ड दहा महिन्यांपूर्वी घेतलं. बिल आलं की त्या धाकटीच्या हातात रोख पैसे देतात, ती बँकेत भरून येते. पहिले सात महिने ठीक गेले. मग एकदम व्याज. आधी एक हजार नऊशे ब्याऐंशी, पुढच्या महिन्यात एक हजार चारशे छत्तीस.

"भरणा उशिरा झाला?"

"नाही. चारचार दिवस आधी."

"धाकटीवर संशय याच्या आधीपासून?"

थोरलीने पर्स उघडली. "सातव्या महिन्याची ही पावती चुकून हाती लागली. मी दिले होते एक्केचाळीस हजार नऊशे. हिने भरले एक्केचाळीस हजार नऊशे अडुसष्ट. सांगा, हिच्याकडे वरचे अडुसष्ट आले कुठून? म्हणजे आधी कुठूनतरी मारलेच असणार ना? मी दुकानात सगळ्यांसमोर सांगितलं, यापुढे पावती माझ्या आकड्याशी जुळली पाहिजे."

"जुळली?"

"दोन्ही महिने. तंतोतंत. आणि तेव्हापासूनच व्याज. बँकेत कुणालातरी हाताशी धरलंय तिने."

चोराने जास्त पैसे भरल्याची तक्रार नाना पहिल्यांदाच ऐकत होते. त्यांनी बादलीतून एक पाय काढला, जरा विचार केला आणि दुसराही काढला.

व्याज

दुकान लांबट होतं. पुढे पडद्यांचे नमुने, मागे कापायचं टेबल, टेबलाशी कटिंगवाले काका. त्यांनी कात्री खाली ठेवली नाही.

"कार्ड कोण वापरतं?"

"बाई. गल्ल्याच्या कप्प्यात असतं, चावी त्यांच्या कमरेला."

"त्या माणूस म्हणून कशा आहेत?"

काकांनी दरवाज्याकडे पाहून घेतलं. "मनाने वाईट नाहीत. पण वरचे सुटे कुणालाच देत नाहीत. कापडवाल्यांना माहितीये, ते आधीच शंभर चढवून ठेवतात. माझ्या पगाराला बघा, शेवटी कायम शून्य असतात. मी विचारलं तर म्हणाल्या, धंद्यात असंच असतं."

"असतं का?"

"कापडात असतं."

हवालदारांनी लिहून घेतलं: काका, पगारावर नाराज. खाली रेघ मारली.

धाकटी माळ्यावर शिवणयंत्राशी होती. पडद्याची लांबच लांब कडा तिच्या हातून सरकत होती. कुणी आलं म्हणून तिने यंत्र थांबवलं नाही.

"तुम्ही पैसे घेतलेत?" नानांनी विचारलं.

"नाही."

"ते अडुसष्ट कुठले होते?"

"माझ्या पर्समधले."

"का भरलेत?"

यंत्र थांबलं. "सातही महिने भरले. कधी सतरा, कधी ब्याण्णव. खिडकीतल्या माणसाने पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, पूर्ण भरा. मी ताईंना सांगायला गेले. म्हणाल्या, मी पंधरा वर्षं व्यापार करतेय, मला शिकवू नकोस."

"आणि गेले दोन महिने?"

"हातात दिले तेवढेच भरले. एक आकडाही जास्त नाही. तसंच हवं होतं ना त्यांना?" तिने दोरा तोडला. "सहा वाजता सही करते आणि जाते. मलाही कंटाळा आलाय."

खाली उतरताना हवालदार कुजबुजले, "कबुली दिली की हिने. दोन महिने मुद्दाम कमी भरलेत."

"हवालदार, बाईंनी दिलेली ती बिलं काढा. मागची बारीक अक्षरं वाचा."

हवालदारांनी भिंग काढलं. "भरलेल्या रकमेतून आधी शुल्क, मग व्याज, शेवटी मुद्दल वळते केले जाईल… एकूण देय रक्कम मुदतीत पूर्ण न भरल्यास बिनव्याजी सवलत… नाना, यापेक्षा पंचनामा वाचायला सोपा."

"पुढच्या बाजूला? नवव्या बिलाची पहिली ओळ."

"मागील बाकी, पंचेचाळीस."

"झालं," नाना म्हणाले आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच बसले. साडेपाच वाजले होते.

मुद्दल

वकील वेळेआधी आला होता. कागद कापायच्या टेबलावर पसरले होते. पलीकडे थोरली उभी होती, अलीकडे धाकटी. काका कुठेतरी मागे होते आणि कात्रीचा आवाज बंद होता.

"चोरी झालेली नाही," नाना म्हणाले.

"मग व्याजाचे चौतीसशे गेले कुठे?"

"बँकेने घेतले. नियमाने घेतले. आठवं बिल किती होतं?"

"एकोणचाळीस हजार सातशे पंचेचाळीस."

"तुम्ही दिले?"

"एकोणचाळीस हजार सातशे."

"पंचेचाळीस कुठे गेले?"

"वरचे सुटे. ते सोडतातच की." थोरलीच्या चेहऱ्यावर लबाडीचं खरोखरच काही नव्हतं. "आधीही सोडत होते."

"नव्हते सोडत. टॅक्सीवाला सोडतो, कापडवाला आधी चढवून मग सोडतो. बँक सोडत नाही. खरेदी केल्यापासून बिलाच्या मुदतीपर्यंत कार्ड व्याज घेत नाही, पण ते पूर्ण बिल भरलं तरच. पंचेचाळीस राहिले की बिल पूर्ण नाही. मग व्याज पंचेचाळिसावर लागत नाही. प्रत्येक खरेदीवर, ती केली त्या दिवसापासून, पैसे भरले त्या दिवसापर्यंत लागतं. आणि नवीन खरेदीवर पहिल्या दिवसापासून. त्याचे झाले एक हजार नऊशे ब्याऐंशी. पुढच्या महिन्यात तुम्ही पुन्हा सुटे ठेवलेत, पुन्हा लागलं."

"पण सात महिने…"

"सात महिने तुमचे सुटे ही भरत होती. स्वतःच्या पर्समधून. सातव्याची पावती तुमच्या हाती लागली आणि तुम्ही चारचौघांत तिला ते बंद करायला लावलंत. व्याज त्या दिवशी सुरू झालं."

वकिलाने पेनाचं टोपण लावलं. हवालदारांनी वहीतलं 'कबुली' खोडलं.

थोरलीने स्टूल ओढलं आणि बसली. मग गल्ल्यातून जुनी बिलं काढली, वही काढली, आणि सगळ्यांसमोर बोटांवर मोजत सात महिन्यांचे सुटे जुळवले. कुणी मदत केली नाही.

"तीनशे एकवीस," ती शेवटी म्हणाली. "तू एकदा तरी बोलायचंस गं."

"बोलले होते."

थोरलीने तीनशे एकवीस मोजून टेबलावर ठेवले. शेवटचा एक शोधायला तिला कप्पा पूर्ण बाहेर काढावा लागला. धाकटीने पैशांकडे पाहिलं. उचलले नाहीत. वकिलाचे कागद मात्र तिने घडी घालून त्याच्या हातात परत दिले.

"माळ्यावरचा पडदा उद्या द्यायचाय," ती म्हणाली आणि वर गेली.

उरलेलं

दारात थोरलीने नानांना फी विचारली.

"एक हजार त्रेसष्ट. त्यातले त्रेसष्ट आमच्या बसचे."

तिने त्रेसष्टही दिले.

"आणखी एक," नाना म्हणाले. "या वेळी पूर्ण भरा. तरीही पुढच्या बिलात थोडं व्याज येईल. बिल निघाल्यापासून पैसे पोचेपर्यंतच्या दिवसांचं. घाबरून पुन्हा माझ्याकडे येऊ नका, आणि तिला जाब विचारू नका."

"पूर्ण भरलं तरी येतं?"

"एखादा महिना येतं. मग थांबतं."

माळ्यावर यंत्र सुरू झालं होतं. थोरली जिन्याच्या तोंडाशी उभी राहून ते ऐकत होती. वर जावं की नाही, हे तिचं ठरत नव्हतं.

"हवालदार," नाना रस्त्यावर आल्यावर म्हणाले, "बस किती लांब उभी राहते?"

"दहा मिनिटं चालायचं."

नानांनी आपल्या पायांकडे पाहिलं आणि चालायला लागले.