कूलरखालचा अंगठा

१२ जानेवारी. सकाळपासून धुकं, वारा अजिबात नाही. खिडकीची काच दुपारपर्यंत ओली होती.

नवा कॉम्प्युटर मी स्वतःच सुटे भाग आणून जोडला. फक्त प्रोसेसर गार ठेवणारा पंख्याचा कूलर आणि एक डिस्क धाकट्या भावाच्या जुन्या मशीनमधली. तो गेल्याला वर्ष झालं. त्या डिस्कवर त्याच्या आवाजातलं एक रेकॉर्डिंग आहे, ते आईला ऐकायचंय. तिचा एक कान गेलाय. दुसऱ्याबद्दल डॉक्टर म्हणाले, "जे ऐकवायचं असेल ते लवकर ऐकवा."

पण ती फाइल उघडली की प्रोसेसर तापतो. तापमानाचा आकडा शंभराला टेकतो आणि आवाज सुरू व्हायच्या आत मशीन बंद. कॉपी करायला गेलं तरी तेच. एरवी दिवसभर चालू ठेवा, काही तक्रार नाही.

केसच्या, म्हणजे बाहेरच्या पेटीच्या, पंख्यांची दिशा तपासून झाली, बायोसची मूळ सेटिंग परत लावून झाली. आज दुपारी कूलर काढायला घेतला. आई शेजारी खुर्चीत बसली होती.

"दुकानात देऊ का गं?" मी तिच्या चांगल्या कानाशी ओरडून विचारलं.

"नको. परक्याच्या हातात त्याचा आवाज नको. आणि ओरडू नकोस. बहिरी झालेय, मेलेली नाही."

प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये राखाडी थर्मल पेस्टचा पातळ थर असतो. प्रोसेसरची उष्णता तोच वर पोचवतो. मी तो जुन्या प्लास्टिक कार्डाने पसरवतो, कडेपर्यंत, एकसारखा. धाकटा हसायचा. "दादा, भिंतीला गिलावा करतोयस का?" म्हणायचा आणि स्वतः उघड्या अंगठ्याने दाबून मोकळा व्हायचा. यावरून आमचं कायम वाजायचं.

कूलर निघाला. माझ्या एकसारख्या थराच्या मधोमध अंगठ्याचा ठसा होता. त्यावर आडवी रेघ. केसचा पत्रा लागून धाकट्याच्या अंगठ्यावर व्रण राहिला होता, तसाच.

कूलरची जुनी पेस्ट नीट निघाली नसेल, असं मी स्वतःला समजावलं. दोन्ही बाजू स्पिरिटने चकाकेपर्यंत पुसल्या. नवी पेस्ट कार्डाने पसरवली, समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे करून आवळले, फाइल उघडली. पंख्याचा आवाज चढत गेला, चढत गेला... मशीन बंद.

पुन्हा उघडलं. ठसा तिथंच. आणि खोलीत जळक्या राळेचा वास. सोल्डरिंग करताना येतो तो. धाकट्याच्या शर्टांना कायम यायचा. माझी सोल्डरिंग गन कपाटात होती, आज काढलीच नव्हती.

मी पुसायला कापूस उचलला. आईने माझं मनगट धरलं.

"पुसू नकोस."

"आई... तुलाही दिसतंय हे?"

"हळू बोल," ती कुजबुजली. "तो काम करतोय... तुला ऐकू येत नाही?"

मी कान दिला. मला काहीच ऐकू आलं नाही.

ठसा तसाच ठेवून कूलर बसवला, कसेबसे स्क्रू आवळले, झाकण लावलं, फाइल उघडली.

आकडा एकेचाळीसवर जाऊन थांबला. स्पीकरमधून धाकटा बोलला, "आई, औषध घेतलंस का? खोटं सांगू नकोस, मला कळतं."

"घेतलं रे," आई म्हणाली. मग डोळे मिटून तिने शेवटपर्यंत ऐकलं. पाठोपाठ मी कॉपी लावली, तीही पूर्ण झाली.

संध्याकाळी हत्यारं आवरताना, मशीन चालूच ठेवून, झाकण काढून पाहिलं. घाईत कूलरच्या पंख्याची वायर जोडायची राहिली होती. तिचं टोक बाहेर लोंबत होतं.

पंखा फिरत होता. तापमान एकेचाळीस.