चार पावलं मागे

विद्यापीठात तिला सगळे ताई म्हणायचे. खरं तर ती एकाच मुलीची ताई. पण धाकटी पहिल्या वर्षाला आली आणि उठसूट "ताई, ताई" करत कार्यशाळेच्या दारात उभी राहायला लागली, तेव्हा बाकीच्यांनीही तेच नाव उचललं. ताई स्थापत्य विभागात पीएच.डी. करत होती. काम म्हणजे काँक्रीटचे ठोकळे ओतायचे, पाण्यात ठेवून पक्के करायचे आणि मग यंत्रात दाबून फोडायचे. दिवसभर धूळ, कानांना दडे, आणि उशिरा कधीतरी वसतिगृहावर परत. धाकटीला पाठवताना आई एवढंच म्हणाली होती, "तू आहेस म्हणून पाठवतेय." ते वाक्य ताईच्या मानगुटीवर बसलं ते बसलंच.

लायब्ररीपासून मुलींच्या वसतिगृहापर्यंतचा रस्ता तसा लांब नाही. एका अंगाला कार्यशाळेची पाठ, दुसऱ्या अंगाला कुंपणाची उंच भिंत, वर दिवे. त्याच रस्त्यावर शेवटच्या वर्षाच्या एका मुलीला कोणीतरी मागून येऊन सळईने मारलं. तिचा एक डोळा गेला. पर्स, फोन, सगळं जागच्या जागी. मारणारा काही सापडला नाही. आणि विद्यापीठाने काय करावं? पाटी लावली, की विद्यार्थिनींनी लवकर परतावं. ताईचं डोकंच सणकलं. "ठोकळा फुटायला आला की त्याला सांगू का, बाबा रे, थांब, अंधार पडला?" असं तिने कुलसचिवांना तोंडावर विचारलं. कुलसचिवांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

मग तिने स्वतःच कंबर कसली आणि 'सोबत' सुरू केली. निघण्याआधी फोन करायचा, एक सोबती यायचा, दारापर्यंत पोचवून परत जायचा. पण सुरुवातीलाच कुरकुर झाली. शेजारून चालणाऱ्या अनोळखी मुलाशी बोलायचं तरी काय? म्हणून ताईने नियम केला. सोबती चार पावलं मागे चालेल. त्याच्या पायात कार्यशाळेतले जाड तळाचे बूट असतील, म्हणजे पावलं नीट ऐकू येतील. आणि पुढच्याने मागे वळून बघायचं नाही. सारखं वळून बघितलं की मदतीला आलेला बिचारा चोर ठरतो, आणि बघणाऱ्याची भीती तर जातच नाही. "भरवसा ठेवायचा तर पुरता ठेवा, नाहीतर एकट्या जा," ती म्हणायची. बोलायला फटकळ होती, पण तिचं ऐकायचे सगळे.

आणि नियम लागू पडला हो. ज्या आवाजाने आधी मुली पळत सुटायच्या, त्याच आवाजाने त्यांच्या जिवात जीव यायला लागला. मागून पावलं वाजली की खांदे सैल पडायचे. धाकटी तर म्हणायची, "ताई, ती पावलं आली ना, की मला चालता चालता झोप येते गं." ताईला कोण समाधान वाटायचं. तिने ते आईलाही फोनवर सांगितलं.

पहिली गडबड लक्षात आली ती पैलवानाच्या. याने जन्मात कधी कुस्ती खेळली नव्हती, पण दारातून आत यायचं तर आडवं व्हावं लागेल असा देह, म्हणून पैलवान. 'सोबत'चा मोठा आधार तो.

"ताई, लायब्ररीतल्या मुलीला न्यायला गेलो तर ती कधीच निघून गेली होती," तो म्हणाला. "आणि मग तिनेच फोन करून माझे आभार मानले. छान चाललास म्हणाली."

"दुसरं कोणी गेलं असेल."

"कोण जाणार? बूट सगळे इथेच आहेत."

बूट खरंच भिंतीशी ओळीने होते. पण ताईचा ठोकळा यंत्रात होता. "कोणाचे तरी स्वतःचे असतील," असं म्हणून तिने विषय झटकला. पुढे असं वरचेवर व्हायला लागलं. फोन करायच्या आधीच सोबत यायची. पावसापाण्यात, परीक्षेच्या दिवसांत, सोबत्यांपैकी कोणी आजारी असताना सुद्धा यायची. तक्रार कोण करणार? मुली सुखरूप पोचत होत्या.

मग एका सकाळी पैलवान कुंपणाच्या भिंतीशी सापडला. दोन्ही गुडघे उलट्या बाजूला वळलेले. बरगड्या आत गेलेल्या. तोंड भिंतीवर घासत नेलेलं, इतकं की गालाची कातडी आणि दाढीचे केस विटांना चिकटून राहिले होते. रात्री तो ज्या मुलीच्या मागे चालत होता ती धडधाकट होती. तिला किंकाळी नाही की झटापट नाही, काही ऐकू आलं नव्हतं. "पावलं एकदाही थांबली नाहीत," ती पोलिसांना रडत रडत सांगत राहिली. "दारापर्यंत आली." पोलीस म्हणाले, बाहेरची टोळी असणार.

दुपारी ताई दवाखान्यात गेली. पैलवानाचा एक डोळा उघडा होता.

"माझ्या मागे पण कोणीतरी होतं," तो म्हणाला. "मला बरं वाटलं गं. म्हटलं, आपल्यातलाच कोणी आहे. मी वळून नाही बघितलं."

"मग?"

"बुटाची नाडी सुटली म्हणून थांबलो. ते थांबलं नाही."

ताई तडक उठली. परत येऊन तिने 'सोबत' बंद केल्याचं सगळ्यांना कळवलं आणि कार्यशाळेतले बूट पोत्यात भरायला घेतले. बाहेर अंधार पडला होता. तेवढ्यात धाकटीचा फोन आला.

"ताई, निघाले गं लायब्ररीतून."

"एकटी? निरोप नाही वाचलास?"

"फोन बंद होता, आत्ता सुरू केला. आणि एकटी कशी? सोबत आहे ना मागे. पैलवानाचं ऐकल्यापासून मी सोबतीशिवाय पाऊल टाकत नाही."

ताईच्या हातातला बूट खाली पडला.

"कोण आहे ते बघू का?" धाकटीने विचारलं.

"नको. बघू नकोस. आणि थांबू नकोस, काही झालं तरी. चालत राहा. मी येतेय."

ती कार्यशाळेच्या मागच्या दाराने धावत सुटली. धाकटी नुकतीच समोरून पुढे गेली होती. दिव्यांखालून आरामात, दप्तर एका खांद्यावर टाकून चालली होती. तिच्या मागे रस्ता रिकामा होता. त्या रिकाम्या रस्त्यावर जाड तळाचे बूट वाजत होते.

हाक मारली तर धाकटी थांबणार, हे ताईला कळत होतं. धाकटीच्या आणि त्या आवाजाच्या मध्ये थोडी जागा होती. ती जाऊन त्या जागेत चालायला लागली. धाकटीच्या चार पावलं मागे. पावलं आता तिच्या मागे आली.

पहिला फटका खांद्यावर बसला. हाड मोडायच्या आधी बारीक कट्‌ असा आवाज आला. तो आवाज ती रोज यंत्रापाशी ऐकायची. तिने दात आवळले आणि चालत राहिली.

मग उजवा हात कशात तरी सापडला. एकेक बोट मागे वाकवलं गेलं, मोडेपर्यंत.

धाकटी गुणगुणत होती.

जबड्यावर आलं तेव्हा तोंड रक्ताने आणि दातांनी भरलं. ताईने ते गिळलं. थुंकली असती तर आवाज झाला असता.

एका डोळ्याने दिसेना. पाय जड झाले. अजून थोडं. आई, अजून थोडं.

धाकटी वसतिगृहाच्या पायरीवर चढली. मागे न बघता हात वर केला आणि आत गेली.

ताई खाली पडली.

शुद्ध आली तेव्हा जबडा तारांनी बांधलेला होता. उजवा हात पट्ट्यांत, डावा सलाइनला. उशाशी धाकटी बसली होती, रडून रडून डोळे सुजलेले. जिवंत होती, धड होती. तिच्या अंगावर साधा ओरखडा नव्हता. ते बघून ताईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"रडू नकोस गं," धाकटी म्हणाली. "मला पोचवून परत जाताना गाठलं ना तुला त्यांनी? माझ्यामुळे झालं सगळं. रात्री तू जिना चढून खोलीपर्यंत आलीस, दाराबाहेर किती वेळ येरझारा घालत होतीस. मी आत निवांत झोपले. उठून दार उघडायला हवं होतं."

ताईने तोंड उघडायचा प्रयत्न केला. तारा हिरड्यांत रुतल्या आणि घशातून नुसती घरघर आली. धाकटीने तिच्या कपाळावरून हात फिरवला.

"डॉक्टरांनी बोलायचं नाही म्हणून सांगितलंय. आई पहाटे पोचतेय. मी खोलीवर जाऊन तुझे कपडे घेऊन येते. एकटी नाही जात, काळजी करू नकोस."

शेजारच्या खाटेवरच्या आजींना नुकता डोळा लागला होता. त्यांची झोप मोडू नये म्हणून धाकटीने पायातल्या चपला काढून हातात घेतल्या आणि अनवाणी, टाचा उचलून बाहेर गेली. ताई पडल्या पडल्या ऐकत राहिली. बूट व्हरांड्याच्या टोकापर्यंत सावकाश वाजत गेले आणि मग जिना उतरायला लागले.